एका खुणेत गेलेली सात अक्षरं

आमच्या शान मुलखात, लाइखाच्या बाजारात 'मोखाम टायपिंगवाली कुठे बसते' असं विचारलं की लोक माझ्या, म्हणजे ऑन मावशीच्या, चुलीकडे बोट दाखवायचे. तिच्या दुकानाला पाटी नव्हती आणि माझा धूर लांबून दिसायचा. आमच्या मधे फक्त एक पत्रा. इकडे मी हरभऱ्याच्या पिठाचं तोहू ढवळत बसलेली, तिकडे तिची कॉम्प्युटरवर टकटक चाललेली. माझं तोंड चालायचं आणि तिचे हात. इतकी वर्षं शेजार केला, पण भांडण झालं ते एकदाच, तेही तिच्या मांजरीवरून.

दिसायला साधीच होती. बारीक चणीची, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. नवरा थायलंडला बांधकामावर गेला आणि तिथलाच झाला. बाजारातल्या बायका उगाच कळवळून म्हणायच्या, "येईल गं, येईल." मोखाम मान वर न करता म्हणायची, "आला तर तुमच्याकडेच पाठवते. आठवण तुम्हालाच जास्त येते त्याची." मग कुणी तो विषय काढेना.

कामं नेहमीचीच. सरकारी अर्ज, शाळेचे पेपर, लग्नाच्या पत्रिका, पोरांना विहारात दीक्षा देतात त्याची आमंत्रणं. बहुतेक सगळं बर्मीत. कचेरीची भाषा ती, आम्हा शान लोकांची नाही. शानमध्ये टाईप करायला फारसं कुणी येत नसे. शानमध्ये ती जे टाईप करायची ते घरचं काम होतं, तिच्या बापाचं.

बाप म्हणजे पन्निताकाका. लहानपणी विहारात शिकलेले, आणि पुढं जन्मभर पोथी सांगणारे. कुणाच्या घरी माणूस गेलं की काकांना बोलावणं यायचं. समोर भात आणि फुलं मांडायची, भोवती सगळं घर बसायचं, आणि काका सकाळपासून दिवे लागेपर्यंत गळ्यावर पोथी गायचे. मेलेल्याला वाट सापडावी म्हणून. साध्या बोलीतलं नव्हे हो ते, जुनं, यमकांत यमक गुंतलेलं. त्यांच्याकडची मोठी पोथी त्यांच्या गुरूंची होती, आणि तिची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

मग ते वर्ष आलं. बर्मी फौजेचे शिपाई गावात आले आणि म्हणाले, उठा. सूर्य मावळायच्या आत गाव रिकामं करायचं होतं. पोथ्यांची पेटी घरात राहिली आणि संध्याकाळी आगीत घरही राहिलं नाही. वाटेत काकांची बायको, सुनांता, तापानं गेली. बांबूच्या बेटाखाली खड्डा काढला आणि पुढं चालायला लागले. मोखाम तेव्हा फ्रॉक घालण्याच्या वयाची. आईच्या अंगावर माती टाकताना बाप गप्प उभा होता, हे तिला आठवत होतं. पंचक्रोशीतल्या प्रत्येक मेलेल्याला ज्यानं वाट दाखवली, त्याच्या तोंडून स्वतःच्या बायकोसाठी एक शब्द निघाला नाही. पोथी नाही, भात नाही, फूल नाही. कसं निघेल?

काकांनी म्हातारपणी एकच ध्यास घेतला. पोथी पुन्हा उभी करायची, सुनांताच्या नावानं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा गायची आणि विहाराला द्यायची. पोथी सगळी तोंडपाठ होती, पण डोळे गेलेले. म्हणून ते सांगायचे आणि मोखाम टाईप करायची.

रोज बाजार उतरला की काठी आपटत यायचे, आधी माझ्याकडे. बाकावर बसून तोहूची वाट बघत एकच ओळ गुणगुणायचे. "पाणी उतरून जाणाऱ्या बाई गं, तुझी चप्पल काठावर राहिली..." वाडगा हातात पडला की थांबायचे. रोज तेवढीच ओळ. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो काका, त्या चपलेचं पुढं काय झालं ते तरी सांगा!"

"फुकट ऐकायचंय होय?" काका म्हणाले. "तू मेलीस की सांगेन, घरी येऊन. तेव्हा पैसे मागणार नाही."

"तुम्ही माझ्या आधी जाल."

"मग तुला कळणार नाही. मिरची घाल जरा."

खाऊन झालं की पत्र्याआड जायचे आणि मग बापलेकीची जुंपायची. "हळू सांगा ना बाबा, मी काय घोडी आहे का?" "घोडी असतीस तर आत्तापर्यंत पोथी पुरी होऊन वर गवतही खाल्लं असतंस." मी इकडे हसून हसून ढवळायची विसरायची आणि तोहू बुडाला लागायचं.

मोबाईलवर आवाज का नाही भरून ठेवला, हे आता प्रत्येक जण विचारतो. विचारायला काय जातं! काका यंत्रासमोर गायला तयार नव्हते. सांगणं वेगळं आणि गाणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. गाणं एकदाच, सुनांतासाठी, भात-फुलांसमोर. आणि कागदावर का नाही काढली? तोही काकांचाच नेम. अर्धवट पोथी कागदावर आली तर जिच्या नावानं करतोय ती अर्ध्या वाटेवर अडकते म्हणे. पुरी होऊ दे, मग एकदम काढू. मोखामनंही ऐकलं. आईचा विषय होता, वाद कोण घालणार?

एकदा काकांनी विचारलेलं मी कानांनी ऐकलंय. "पोरी, ही पोथी राहते कुठं?"

"या डब्यात, बाबा. आणि एक नक्कल या बोटाएवढ्या काडीत."

"जळते का?"

"नाही. जळत नाही."

काका बराच वेळ त्या डब्यावर हात फिरवत बसले होते.

आता ते अक्षरांचं लफडं सांगायला हवं. मला ते कळलं तेही मोखाममुळंच. माझा मुलगा थायलंडातल्या चिआंगमाईहून शानमध्ये निरोप पाठवायचा आणि माझ्या मोबाईलवर नुसता चिवडा दिसायचा, अक्षरावर अक्षर चढलेलं. मला वाटलं पोरगं पिऊन लिहितं. मी मोखामकडे जाऊन त्याला शिव्या घातल्या. ती म्हणाली, "मावशी, तो बरोबर लिहितोय. तुझा मोबाईल बर्मी आहे."

मग तिनं बाजारावरूनच समजावलं. जगातल्या सगळ्या अक्षरांना आकडे वाटून दिलेत, जसे बाजारात गाळ्यांना नंबर असतात. त्याला युनिकोड म्हणतात. आमच्या शान अक्षरांनाही त्यांचे गाळे मिळालेत. पण इथं ज्यांनी बर्मीचा जुना फाँट बनवला त्यांना आपल्या जोडाक्षरांच्या तुकड्यांना जागा कमी पडली. शेजारचे गाळे रिकामेच दिसतायत म्हणून त्यांनी त्यांत आपला माल भरला. गाळे आमचे होते. तोच फाँट देशभर घरोघरी गेला. त्यामुळं शान अक्षर पाठवलं की बर्मी मोबाईल त्या गाळ्यात बघतो आणि त्याला आपल्याच जोडाक्षराचा तुकडा सापडतो. तोच तो दाखवतो.

"म्हणजे आमच्या घरात राहून वर आम्हालाच विचारतात, तुम्ही कोण?" मी म्हटलं.

"तेच," मोखाम म्हणाली. "पण ओरडू नकोस, गिऱ्हाईक बसलंय."

मोखामच्या कॉम्प्युटरवर दोन्ही फाँट होते. गिऱ्हाइकांचं बर्मी काम त्या जुन्या, घुसखोर फाँटमध्ये. आणि बापाची पोथी शान फाँटमध्ये, प्रत्येक अक्षर आपापल्या खऱ्या गाळ्यात. त्या अख्ख्या दुकानात धड असं तेवढंच होतं, ही पोथी.

पोथीचा शेवटचा भाग तेवढा राहिला होता. काका म्हणायचे, भाताची कापणी होईपर्यंत उरकू. आणि एके दिवशी माझ्या बाकावर बसल्या बसल्या त्यांच्या हातातला वाडगा कलंडला. मी ओरडले, "अहो भाजेल!" त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं तर अर्धं तोंड खाली आलेलं. मोखाम पत्रा ओलांडून धावली. त्यांना लोइलेमच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, वाचा गेली.

तेच दिवस नेमके बदलाचे होते. वरून हुकूम निघाला होता की जुना फाँट बंद, आता सगळ्यांनी युनिकोडवर यायचं. मोबाईल बदलले, कचेऱ्या बदलल्या. शहरातून काही पोरं दुकानोदुकानी फिरून जुन्या फायली नव्या करून देत होती, फुकट. आमच्या बाजारात आला तो झेयार नावाचा बर्मी माणूस, चांगला लग्न झालेला, गोड बोलणारा. माझ्याकडे तोहू खाल्लं आणि दोनदा पैसे दिले, चुकून.

मोखामनं दवाखान्यातून किल्ली पाठवली होती. झेयारनं माझ्या चुलीशेजारी उभं राहून तिला फोन लावला. "ताई, सगळ्या फायली करू का नव्या?"

पलीकडून तिचा थकलेला आवाज आला. "सगळं कर रे बाबा. काही ठेवू नको. शाळेचे पेपर द्यायचेत, ते आधी."

पेपर तिच्या डोक्यात होते, बाप डोळ्यासमोर होता. पोथी बदलू नको असं सांगायचं तिच्या मनात आलंच नाही, कारण पोथी जुनी नव्हतीच ना! ती आधीपासून नव्यातच होती. बदलणं हे बर्मीचं काम, शानचा त्यात काय संबंध?

पुढं काय झालं ते झेयारनंच मला मागाहून सांगितलं. सगळं झाल्यावर त्याला एक मोठी फाईल दिसली. जुन्या फाँटात उघडली तर सगळा चिवडा, अक्षरावर अक्षर चढलेलं. त्याला शान वाचता येत नव्हतं. त्याला वाटलं, अरेरे, सगळ्यात जास्त बिघडलेली हीच. तीही त्यानं बदलायला लावली. बदलून झाल्यावरही नीट दिसेना, तेव्हा वाटलं पालीतले मंत्र असतील. आणि जाताना भल्या मनानं त्या बोटाएवढ्या काडीवरची जुनी नक्कल पुसून नवी भरून ठेवली, ताईंना परत त्रास नको म्हणून.

मोखाम काकांना घरी घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. टकटक सुरू झाली नाही. मी वाट बघितली. मग ती येऊन माझ्या बाकावर बसली, काका बसायचे त्या जागी.

"मावशी, पोथी गेली."

"चोरीला?"

"नाही. आहे. आहे, पण गेली."

मला काही कळेना. तिनं माझ्या मांडणीकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझ्या त्या बरण्या बघ. मीठ, साखर, तिखट, तीळ. समज कुणी सात बरण्या एकाच पातेल्यात ओतल्या आणि बरण्या धुऊन ठेवल्या. आता वेगळं कर म्हटलं तर करशील?"

झालं होतं ते असं. आमच्या सात अक्षरांच्या गाळ्यांत जुन्या बर्मी फाँटनं एकाच खुणेची सात लहानमोठी रूपं ठेवली होती. नव्यात ती खूण एकच. बदलणाऱ्या यंत्रानं शानला बर्मी समजून सातही अक्षरं त्या एका खुणेत घातली. बाकीची अक्षरं मोखामनं उलटी फिरवून परत आणली असती. पण ही सात? प्रत्येक ओळीत ती खूण, आणि ती सातांपैकी कोण हे सांगणारं काहीच शिल्लक नाही. साध्या बोलण्यातलं असतं तर अंदाजानं लावलं असतं. पण ते जुने, कुणी न बोलणारे शब्द, अंदाज कशाचा बांधायचा?

झेयारला निरोप गेला, तो आला. कॉम्प्युटरशी दिवसभर खटपट केली आणि मग भिंतीला टेकून रडला. "मावशी, मला खरंच वाटलं मी दुरुस्त करतोय."

"आमचं तेवढं एकच धड होतं रे मेल्या," मी म्हटलं. "तेच दुरुस्त केलंस." माझ्या हातात डाव होता, मारलाही असता. मोखामनं माझा हात धरला. तिनं त्याला पाणी दिलं! मला अजून राग येतो त्याचा.

मग तिनं दुसरी वाट काढली. काकांना बोलता येत नव्हतं, पण ऐकू तर येत होतं. त्यांना खुर्चीत बसवून ती दुकानात आणायची, चांगल्या हाताखाली लाकडी फळी ठेवायची. "बाबा, बरोबर असलं की टक करा." मग ती एकेक शब्द सातही तऱ्हांनी म्हणून बघायची. एक, गप्प. दुसरा, गप्प. पाचवा, टक! ती ते अक्षर भरायची. पत्र्याआडून आता दोन आवाज यायचे, तिची टकटक आणि त्यांची टक. बाजारातल्या बायका गुपचूप येऊन बघून जायच्या आणि डोळे पुसायच्या. मलाही वाटलं, होईल. सुनांताला वाट मिळेल.

बरीच पानं भरून झाली. एका दुपारी मी तोहूचा वाडगा घेऊन आत गेले तर मोखामचा चेहरा पांढरा पडलेला.

"मावशी, ऐक," ती म्हणाली. आणि बापाकडे वळून गाण्याच्या चालीवर म्हणाली, "आणि डोंगरावर ऑन मावशीचं तोहू करपलं. बरोबर, बाबा?"

टक.

"आणि मांजरीनं बाजार विकत घेतला."

टक. काका हसत होते, अर्ध्या तोंडानं. टक, टक. लेकीचा आवाज आला की टक, एवढंच त्यांच्यात उरलं होतं. पहिल्या दिवशी तरी कळत होतं का, की तेव्हापासूनच असं चाललं होतं? कोण सांगणार?

मी वाडगा तिथंच ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मला रडू आवरेना. मोखाम मात्र रडली नाही. त्यांच्या टकेवर भरलेली सगळी अक्षरं तिनं काढून टाकली, तिची तिला ज्यांची खात्री होती तेवढीच ठेवली. बाकी ठिकाणी रिकामी जागा.

"खोटा शब्द आईच्या नावानं नको," ती म्हणाली.

"मग आता बापाला आणू नकोस उगाच. दमतो तो."

"आणणार. त्यांना वाटतंय पोथी होतेय."

आणि ती आणत राहिली. रोज काहीतरी म्हणायची आणि काका टक करायचे. थंडी सरता सरता ते गेले, खुर्चीतच, हात फळीवर.

पोथी सांगायला मोंगकुंगहून एक म्हातारे आले. मोखामनं नेम मोडला आणि होती तशी पोथी कागदावर काढली, शेवटच्या भागाविना, भोकांसकट. आईच्या आणि बापाच्या, दोघांच्या नावानं. भात मांडला, फुलं मांडली. म्हाताऱ्यांनी मांडीवर घेतली, गळा साफ केला आणि सुरू केलं. पहिल्याच पानावर अडले. वर बघितलं.

"इथं काय आहे?"

ज्या गावानं ही पोथी ऐकली होती ते गाव राहिलंय कुठं? निम्मे थायलंडात विटा वाहतात, निम्मे मातीखाली. म्हातारे भोक ओलांडून पुढं गेले, पुन्हा अडले, पुन्हा पुढं. जुन्या जाणत्याला यमकावरून एखादा शब्द सुचायचा, बाकी ठिकाणी ते नुसता श्वास घ्यायचे. खालच्या मानेनं सगळे बसलेले. मोखाम त्यांच्या शेजारी पेन्सिल घेऊन बसली होती, कुणाला काही आठवलं तर भरायला.

मग ते म्हणाले, "पाणी उतरून..." आणि थांबले. पुढं ओळभर भोकंच होती.

माझ्या तोंडून आपसूक निघालं, त्यांच्याच चालीत. "पाणी उतरून जाणाऱ्या बाई गं, तुझी चप्पल काठावर राहिली."

सगळ्यांनी माना वर केल्या. मोखामनं ती ओळ लिहून घेतली, एकेक अक्षर, सातांतलं एकही न चुकता. लिहिताना तिचे ओठ हलत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला होता. पेन्सिल पुढच्या ओळीवर नेऊन तिनं माझ्याकडे बघितलं.

"आणि पुढची, मावशी?"

पुढची काका माझ्या मरणाला सांगणार होते.